इनटेक मॅनिफोल्ड आणि ‘एवढं शिकून हे काय?’

तर मंडळी, या विकांताचा विषय जरा काळा आहे. म्हणजे हात काळे करणारा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना इथूनच परत फिरता येईल. ज्यांची गाडी वॉरंटीच्या बाहेर गेली आहे आणि ज्यांचं पोट खुर्चीत बसून कीबोर्ड बडवण्यावर चालतं, त्यांनी आयुष्यात एकदा तरी इंजिनाचा इनटेक मॅनिफोल्ड घरी काढून परत बसवावा. पैसे वाचतात म्हणून नाही. ते वाचत नाहीत, हिशोब पुढे देतोच आहे. आपण रोज काय वापरतो, कशाचे पैसे देतो आणि कोणाच्या हातांवर विसंबून राहतो, हे कळावं म्हणून.

मॅनिफोल्डच का? तर त्याचा आकार बरोबर आहे. ऑईल बदलणं फारच सोपं, त्यात डोकं लागत नाही. हेड उतरवणं म्हणजे थेट मोठं ऑपरेशन. मॅनिफोल्ड मधला. शनिवार-रविवारात मावतो, वीसेक जोड सोडावे लागतात, बोल्ट कुठल्या क्रमाने फिरवायचा याला महत्त्व असतं, आणि नीट जमलं की नाही हे गाडी सुरू केल्यावर मिनिटभरात कळतं. आपल्या धंद्यात असा स्वच्छ निकाल शेवटचा कधी मिळाला होता, आठवून बघा.

ज्यांना मॅनिफोल्ड म्हणजे काय हेच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पेट्रोल इंजिन हा मुळात हवेचा पंप आहे. पिस्टन खाली जातो तेव्हा हवा आत ओढतो. ती हवा फिल्टरमधून येते, मग थ्रॉटलच्या झडपेतून जाते (तुम्ही ऍक्सिलरेटर दाबता तेव्हा हीच झडप उघडते) आणि तिथून चार सिलेंडरना वाटली जाते. हे वाटपाचं काम मॅनिफोल्ड करतो. विहिरीच्या पाटाचं पाणी जसं चार वाफ्यांना वाटून द्यायचं, तसं. फरक एवढाच की इथे पाट पूर्ण बंदिस्त हवा. कारण गाडी उभी असताना थ्रॉटल जवळजवळ मिटलेलं असतं आणि पिस्टन तर हवा ओढतच असतात, त्यामुळे आत निर्वात तयार होतो. समुद्रसपाटीला, ठणठणीत इंजिनात हा निर्वात पाऱ्याच्या साधारण १८ ते २२ इंच भरतो. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, म्हणून इथे तोच आकडा जवळपास दोन इंचांनी कमी येतो. मुंबईच्या आकड्यावर पुण्याची गाडी आजारी ठरवू नका.

आता या बंदिस्त पाटाला कुठे फट पडली, तर मोजमाप न झालेली हवा आत घुसते. एक भाग पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा, हे गणित बिघडतं. इंजिनाचा कॉम्प्युटर बिचारा पेट्रोल वाढवून भरपाई करत बसतो. त्याची मर्यादा संपली की डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो.

आमच्या बारा वर्षं झालेल्या चार सिलेंडरच्या गाडीचं हेच झालं. सकाळी सुरू केली की काटा वर-खाली नाचायचा, सिग्नलला थरथर. एका गॅरेजमध्ये नेली (नाव कशाला घ्या). तिथल्या गळ्यात आयकार्ड घातलेल्या मुलाने स्कॅनर लावला, पी०१७१ असा कोड वाचला आणि चारही इंजेक्टर आणि थ्रॉटल बॉडी बदलायचं ३५ हजारांच्या वरचं एस्टिमेट हातात ठेवलं. कोडचा अर्थ फक्त एवढाच होता की मिश्रणात हवा जास्त आहे किंवा पेट्रोल कमी आहे. का, ते कोड सांगत नाही. एरर मेसेज वाचून थेट सर्व्हर बदला म्हणण्यासारखं हे झालं.

खरी माहिती त्याच्या एक पायरी खाली असते. भारतात २०१३ पासूनच्या पेट्रोल गाड्यांना ओबीडी-दोन आहे. ब्लूटूथचा एक स्वस्तातला अडॅप्टर स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावला की मोबाईलवर ‘फ्युएल ट्रिम’ दिसतो, म्हणजे कॉम्प्युटर किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा. माझ्या गाडीत आयडलला अधिक २२ आणि अडीच हजार आरपीएमला अधिक ५. यातच उत्तर आहे. फट ठरावीक आकाराची असते. आयडलला इंजिन एकूण हवाच कमी घेतं, आणि निर्वात जास्त असल्यामुळे फटीतून ओढही जास्त. म्हणून तिथे चोरलेल्या हवेचा वाटा मोठा दिसतो, रेस वाढवली की तो वाटा नगण्य होतो. इंजेक्टर तुंबले असते किंवा पंप कमजोर असता तर उलटं झालं असतं. जास्त पेट्रोल लागतं तिथे, म्हणजे चढावर आणि रेसला, आकडा वाढला असता. (हे हवा मोजणारा एअरफ्लो सेन्सर असलेल्या गाड्यांना लागू. ज्या गाड्या मॅनिफोल्डमधल्या दाबावरून हवेचा अंदाज बांधतात त्यांच्यात फट पडली की बहुधा हा कोड येत नाही, नुसता आयडल चढतो. आपली गाडी कुठल्या जातीची आहे ते आधी बघा.)

मग साध्या पाण्याचा बारीक फवारा मॅनिफोल्ड आणि हेडच्या सांध्यावर मारला. तिसऱ्या सिलेंडरपाशी आवाज क्षणभर सुधारला आणि परत बिघडला. पाण्याने फट क्षणभर बुजवली होती. निदान झालं. रबराचं पॅकिंग बारा वर्षं तापून-निवून चपटं आणि कडक झालं होतं. नाना पेठेत नव्या पॅकिंगचा सेट हजार-अकराशेला मिळाला.

एरवी इथून पुढे गाडी कोणाकडे तरी सोपवायची आणि ऑफिसला जायचं. मी ठरवलं की आपणच करायचं.

क्रम, क्रम आणि क्रम

खटपट्या लोकांसाठी काम कसं होतं ते सांगतो. इंजिन पूर्ण थंड. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून इंजिन स्वतःहून बंद पडेपर्यंत चालवायचं, म्हणजे रेलमधला दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडायची. प्रत्येक पाईप आणि कनेक्टर सोडण्याआधी फोटो आणि त्यावर चिकटपट्टीने नंबर. इथे अनेक नळ्या येऊन मिळतात : ब्रेकच्या बूस्टरची, क्रँककेसमधली वाफ परत आणणारी, पेट्रोलच्या टाकीतली वाफ आणणारी, काही गाड्यांत थ्रॉटल बॉडीला गरम ठेवणाऱ्या कूलंटच्या दोन. ब्रेकची नळी बसवायची राहिली तर नुसता आयडल बिघडत नाही, ब्रेक दगडासारखा लागतो. म्हणून नंबर.

यानंतर इंजेक्टरसकट रेल वर उचलायची. मग मॅनिफोल्डचे बोल्ट, कडेकडून मधे या क्रमाने. सगळे निघाले तरी मॅनिफोल्ड हलत नाही, कारण खालच्या बाजूला, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी एक आधाराची पट्टी असते आणि तिचा बोल्ट फक्त बोटांना सापडतो. ज्याने हे इंजिन आखलं त्याने हा बोल्ट स्वतः कधी सोडला असेल असं मला वाटत नाही. आपणही असं किती कोड लिहिलं आहे जे दुसऱ्या कोणीतरी रात्री दोन वाजता अंधारात चाचपत दुरुस्त केलं असेल, हा विचार त्या बोल्टपाशी हात अडकलेला असताना फार प्रकर्षाने येतो.

मॅनिफोल्ड निघाला की हेडमध्ये चार भोकं उघडी दिसतात. ती ताबडतोब स्वच्छ फडक्याने बंद करायची. वायसर आत पडला आणि व्हॉल्व्ह उघडा असला तर तो थेट सिलेंडरमध्ये. मग हजाराच्या पॅकिंगचं काम पन्नास हजारांवर जातं. सांधा साफ करायला प्लॅस्टिकची पट्टी वापरायची. ड्रिलला लावायची खरखरीत चकती अजिबात नको. तिची सुटलेली कण्यांसारखी पूड ऑईलमधून फिरत बेअरिंग खाते. नंतर सरळ पट्टी ठेवून सांधा सपाट आहे की वाकलाय ते फीलर गेजने बघायचं. नवं पॅकिंग, इंजेक्टरना नव्या ओ-रिंगा, त्यांना स्वच्छ इंजिन ऑईलचं बोट. मग मॅनिफोल्ड जागेवर आणि सगळे बोल्ट आधी हाताने, पाना न लावता. आटा नीट धरला नसेल तर तो बोटांना कळतो, पान्याला कळत नाही.

आणि शेवटी आवळणं. मधून बाहेर, आलटून-पालटून, दोन-तीन टप्प्यांत. माझ्या इंजिनाच्या पुस्तकात २० न्यूटन-मीटर लिहिलं आहे. हा आकडा पाहून मला पहिल्यांदा कळलं की आपण ज्याला ‘घट्ट’ म्हणतो ती किती बेभरवशाची गोष्ट आहे. बोल्ट फिरवताना लावलेल्या जोरापैकी ढोबळमानाने नव्वद टक्के घर्षणात जातो, निम्मा बोल्टच्या डोक्याखाली आणि बाकीचा आट्यांत. प्रत्यक्ष दोन भाग एकमेकांवर दाबून धरायला उरतो फक्त दहावा हिस्सा. म्हणजे आट्यांना ऑईल लागलं, घर्षण कमी झालं, की तेवढ्याच जोरात बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. आकडा तोच, परिणाम वेगळा. खाली हेड ऍल्युमिनियमचं. आटे गेले की गेले.

सुरू करताना घाई नाही. किल्ली दोन-तीनदा नुसती ‘ऑन’ करून पेट्रोलचा दाब येऊ द्यायचा आणि इंजेक्टरपाशी थेंब आहे का ते टॉर्चने बघायचं. थेंब नसेल तरच स्टार्टर. माझ्या गाडीचा ट्रिम आता आयडलला अधिक २ आणि अडीच हजारला अधिक १ आहे.

हिशोब

सांगितलं होतं ना, हिशोब देतो म्हणून. शनिवारचे सहा तास, रविवारचे पाच. म्हणजे अकरा. सराईत मिस्त्री हेच काम अर्ध्या दिवसाच्या आत करतो. पॅकिंग अकराशे, ओ-रिंगा आणि कूलंट मिळून हजारच्या आसपास, टॉर्क रेंच तीन हजारांचा. गल्लीतल्या चांगल्या मिस्त्रीने मजुरीसकट एवढ्यातच काम करून दिलं असतं, आणि माझे अकरा तास वाचले असते.

आता आमच्या ऑफिसातला एक मित्र लगेच मोबाईल काढून सांगतो, ‘तुझा तासाचा दर इतका, गुणिले अकरा, म्हणजे तू इतके हजार घालवलेस.’ या गणिताचा मला मनापासून कंटाळा आला आहे. एकतर शनिवारी दुपारी मला कोणीही तासाच्या दराने पैसे देत नाही. तो वेळ मी मालिकेचे सहा भाग बघण्यात घालवला असता तेव्हा या मित्राने गुणाकार केला नसता. दुसरं म्हणजे, हा गुणाकार खरा मानला तर स्वयंपाक करू नये, मुलांना शिकवू नये, आईला दवाखान्यात स्वतः नेऊ नये. सगळ्यालाच कोणीतरी स्वस्त मिळतो. मग आपल्या हाताला काय उरतं? बटणं.

पैशांच्या भाषेतच बोलायचं तर मला एक गोष्ट मिळाली जी बिलात दिसत नाही. ३५ हजारांच्या एस्टिमेटला ‘नाही’ म्हणता आलं, आणि का नाही तेही सांगता आलं. यापुढे कोणी मला ‘साहेब, मॅनिफोल्ड उतरवावा लागेल’ म्हणाला, तर त्यात किती काम आहे ते मला माहीत आहे. तो खोटं बोलत असेल तर कळेल. आणि तो खरं बोलत असेल, तर मी घासाघीस करणार नाही. माझ्या मते या दुसऱ्या गोष्टीची किंमत जास्त आहे.

‘अरे, एवढं शिकलास...’

आता मूळ मुद्दा. मी सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये सतरंजी टाकून बसलो होतो तेव्हा तीन प्रकारची माणसं येऊन गेली.

पहिल्या प्रकारात समोरच्या विंगमधल्या काकू. ‘अरे, एवढं शिकून हे काय करतोयस? गॅरेजवाले बंद आहेत का?’ काकू प्रेमळ आहेत, त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती. पण वाक्य नीट ऐका. शिकलेल्या माणसाने पाना धरणं म्हणजे काहीतरी खाली उतरणं आहे, हे त्यात गृहीत आहे. आपल्याकडे मार्क कमी पडले की मुलाला आयटीआयला ‘घालतात’, आणि जास्त पडले की तो मेकॅनिकल इंजिनीअर ‘होतो’. आणि तो मेकॅनिकल इंजिनीअर पुढे हिंजवडीत जावा लिहितो. आमच्या बॅचचे मेकॅनिकलचे निम्मेअधिक असेच. वर्कशॉपच्या तासाला जॉब कोण घासून द्यायचं हे सगळ्यांना माहीत आहे. हाताने काम करणाऱ्याच्या हातचं पाणीसुद्धा न चालणारा समाज आपणच होतो, त्याला फार पिढ्या झालेल्या नाहीत. ती सवय गेली असं आपण म्हणतो. मग पार्किंगमध्ये काळे हात दिसले की अजून संकोच कोणाला आणि कशाचा वाटतो?

दुसऱ्या प्रकारात सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांचं म्हणणं होतं की पार्किंगमध्ये ऑईल सांडतं. ते बरोबरच होतं. म्हणून मी खाली पुठ्ठे आणि पत्र्याचा ट्रे ठेवला होता, आणि कूलंट बंद डब्यात गोळा केलं होतं. हे कूलंट, म्हणजे एथिलीन ग्लायकॉल, चवीला गोड असतं आणि विषारी असतं. सोसायटीच्या कुत्र्या-मांजरांनी ते चाटलं तर त्यांची किडनी जाते. एवढं कळल्यावर सेक्रेटरींनी खुर्ची मागवली आणि रेलचे बोल्ट मोजत बसले. नियम पाळून काम करणाऱ्याला सोसायटीने हुसकावू नये, आणि काम करणाऱ्याने सोसायटीला निमित्त देऊ नये. बंद बेसमेंटमध्ये मात्र हे काम करूच नका, पेट्रोलची वाफ जड असते, ती खालीच साचते.

तिसरे आमच्या गल्लीतले मिस्त्री मामा. स्कूटरवरून जाताना थांबले.

‘काय साहेब, नोकरी सुटली काय?’

‘नाही हो मामा, शिकतोय.’

मामा वाकले. सांध्यावरून अंगठा फिरवला, एका जागी थांबले, म्हणाले, ‘इथं जुनं पॅकिंग चिकटून राहिलंय बघा.’ मी तिथे टॉर्च मारून दोनदा बघितलं होतं, आणि अजून तिसऱ्यांदा साफ करणार होतो. पण त्यांना ते अंगठ्याने चार सेकंदांत कळलं. मी विचारलं, टॉर्क किती ठेवता? ‘हाताला कळतं की. पण तुमच्याकडं ते क्लिक करणारं आहे तर त्याचंच ऐका.’ मग म्हणाले, ‘पुस्तक कुठनं मिळवलं? आमाला देत न्हाईत.’

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. तीस वर्षं हेच काम करणाऱ्या माणसाकडे बोल्टचा आकडा लिहिलेलं पान नाही. मला ते मिळालं, कारण तेच इंजिन परदेशातही विकलं जातं आणि तिथे कंपनीच्या साईटवर दोन दिवसांचे पैसे भरून दुरुस्तीचं पुस्तक कोणालाही उघडता येतं. क्रेडिट कार्ड आणि इंग्रजी, एवढीच माझी पात्रता. मामांच्या अंगठ्यात जे आहे ते माझ्याकडे यायला दहा वर्षं लागतील. माझ्याकडे असलेलं पान त्यांच्याकडे जायला दहा सेकंद पुरायला हवेत.

पुस्तक कोणाचं?

हा प्रश्न नवा नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. कारण हेच. अस्सल सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न देणं, आणि निदानाची उपकरणं व माहिती बाहेरच्या गॅरेजना नाकारणं. केवळ बाहेरच्या गॅरेजमध्ये काम करून घेतलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही आयोगाने त्यात सांगितलं. कंपन्या अपिलात गेल्या. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू केलं, आणि मोटारी त्यातल्या चार क्षेत्रांपैकी एक आहेत. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्ये मतदान घेऊन कायदा केला, आणि त्याच्या जोरावर २०१४ मध्ये कंपन्यांनी देशभरासाठी करार केला. दोन दिवसांच्या भाड्याने मिळणारं ते पुस्तक कंपनीच्या चांगुलपणातून आलेलं नाही. त्यामागे लोकांचं मत आहे.

ते मत कुठून आलं? ज्यांनी स्वतः बॉनेट उघडलेलं आहे आणि कुठेतरी अडले आहेत, अशा लोकांकडून. हक्क कागदावर मिळाला तरी तो मागणारे हात नसतील तर उपयोग शून्य. आपण शिकलेल्यांनी पाना धरला तर पुस्तक मागणारे आवाज वाढतील, आणि पुस्तक आलं तर त्याचा सगळ्यात जास्त फायदा मामांना होईल. म्हणून ‘तुम्ही घरी काम केलंत तर मिस्त्रीच्या पोटावर पाय’ हा आक्षेप मला पटत नाही. मी आयुष्यात एक मॅनिफोल्ड काढला, मामा महिन्याला कितीतरी काढतात. त्यांच्या पोटावर पाय येतोय तो कुलूप लावलेल्या सॉफ्टवेअरचा. आणि ती कुलपं कोण लिहितं? आपल्यातलेच.

कोणी म्हणेल, इलेक्ट्रिक गाड्यांना मॅनिफोल्डच नसतो, मग हे शिकून काय करायचं? खरं आहे. पण रस्त्यावरच्या पेट्रोल-डिझेल गाड्या उद्या गायब होणार नाहीत, आणि नव्या थेट इंजेक्शनच्या इंजिनात तर पेट्रोल व्हॉल्व्हवरून वाहतच नसल्यामुळे तिथे कार्बन साचतो आणि तो काढायला मॅनिफोल्ड उतरवावाच लागतो. आणि इलेक्ट्रिक गाडीतही ‘मला उघडून बघू द्या’ म्हणणारा ग्राहक लागेलच. उलट जास्तच लागेल.

कोणी करू नये

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं. गाडी वॉरंटीत असेल तर थांबा. घरात एकच गाडी आणि सोमवारी सकाळी ती लागणारच असेल तर या फंदात पडू नका. कॉमन रेल डिझेलच्या पेट्रोलपंपवजा साध्या पाईपासारख्या दिसणाऱ्या नळीत १६०० बार आणि त्याहून जास्त दाब असतो, तो कातडी फाडून आत जातो. तिथे हात घालू नका. थेट इंजेक्शनचं पेट्रोल इंजिनही पहिल्यांदा नको. हायब्रिडच्या नारिंगी केबलला शिवू नका. एअरबॅगच्या वाटेला जाऊ नका. आणि पहिल्या वेळी एकटे करू नका, कोणीतरी जाणकार हाकेच्या अंतरावर असू द्या. त्या जाणकाराला त्याच्या वेळेचे पैसे द्या. मामांनी घेतले नाहीत तर पुढचं सर्व्हिसिंग त्यांच्याकडे करा, मी तेच करतो. आणि हो, मॅनिफोल्डच्या पुस्तकातली पानं छापून त्यांना दिली आहेत. त्यांनी ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून भिंतीला अडकवली आहेत, गणपतीच्या कॅलेंडरशेजारी.

मॅनिफोल्ड नको असेल तर दुसरं काही निवडा. मिक्सर उघडा, सायकलचं मागचं चाक उतरवा, नळाचा वायसर बदला. मात्र एक अट : उघडायचं, समजून घ्यायचं, परत बसवायचं, आणि बसवल्यावर एकही बोल्ट उरता कामा नये.

आणि कोणी विचारलं, ‘एवढं शिकून हे काय?’, तर सांगा, ‘हे शिकायचं राहिलं होतं.’